पोरगा कुठं चिकटला का?

वधू-वर परिचय मेळाव्याचे फॉर्म भरून घेण्याचे काम गेली कित्येक वर्षे आमच्याकडे आहे. अक्षर बरे आहे आणि हिशेब चुकत नाही, एवढीच आमची पात्रता. फॉर्मवर दहा-बारा रकाने असतात, पण वडीलधारी मंडळी वाचतात एकच. शिक्षणाच्या रकान्यात बी.ए., बी.कॉम., एम.एस.डब्ल्यू., आय.टी.आय. काहीही असो, बोट सरकत सरकत 'नोकरी' या शब्दावर येऊन थांबते. तिथे 'शासकीय' दिसले की चेहरा उजळतो. 'खाजगी' दिसले की चष्मा कपाळावर जातो. मग तो प्रश्न येतो, जो आपल्या समाजात 'जयभीम'च्या खालोखाल उच्चारला जात असेल : "पर्मनंट आहे का?"

मुलगा वस्तीतलाच असेल तर प्रश्नाची भाषा जरा घरगुती होते. "पोरगा कुठं चिकटला का?"

या एका प्रश्नावरून आज घराघरांत बाप-लेकांचे बिनसले आहे. सेवानिवृत्त वडील दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. मुलगा रात्रपाळी करून येतो आणि तोंड धुण्याआधी त्याला ऐकावे लागते, "आम्ही रस्त्याच्या दिव्याखाली शिकलो. एका खोलीत नऊ माणसं होतो. तुम्हाला टेबल दिलं, खुर्ची दिली, मोबाईल दिला, तरी तुम्ही कुठं चिकटत नाही." मुलगा एकच वाक्य बोलतो, "तुमचा काळ वेगळा होता, आप्पा." आप्पांना वाटते पोरगा उलट बोलला. पोराला वाटते आप्पांना काही कळत नाही. आई मध्ये चहाचा कप आणून ठेवते आणि विषय मिटतो. म्हणजे मिटत नाही, उद्यावर जातो.

काळ वेगळा होता म्हणजे नेमके काय होते? आम्ही पडलो कॉमर्सवाले. जमा-खर्च मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

आधी आप्पांची बाजू घेऊ, कारण ती खोटी नाही. त्यांच्या वडिलांच्या काळी मुंबईच्या गिरणीत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या माणसाचे तोंड लागलेला धागा इतरांना चालत नसे. पगार चांगला त्याच खात्यात. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला होता. रेल्वेतही तेच. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट सांगितली होती, ती फारशी कुणी सांगत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागला की जन्मभर गँगमनच राहतो, त्याला साधा पोर्टरसुद्धा करत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो.

तिथून ही माणसे वर आली. कशी आली? मेहनतीने आलीच, पण नुसत्या मेहनतीने आली असती तर त्यांचे आजोबा कधीच आले असते. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखून मिळाल्या. १९४४ साली शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरू लागले. पुढे संविधान आले. रेल्वे, पोस्ट, बँका, एल.आय.सी., एस.टी., वीज मंडळ, नगरपालिका अशी एकेक सरकारी खाती वाढत गेली आणि त्यांत माणसे लागत गेली. शिक्षण जवळजवळ फुकट, नोकरी कायम, राहायला क्वार्टर, म्हातारपणी पेन्शन. अशी शिडी उभी होती. आप्पा त्या शिडीवर स्वतःच्या पायांनी चढले, हे शंभर टक्के खरे. पण शिडी होती, हेही तितकेच खरे आहे.

आता पोराची बाजू. त्यासाठी आम्ही वाचकांना आमच्या कचेरीत घेऊन जातो. कचेरीचे नाव सांगण्याची गरज नाही, सगळीकडे हेच चित्र आहे.

एका ओळीत तीन खुर्च्या आहेत. पहिल्या खुर्चीवर आम्ही. आम्ही २००३ साली लागलो, म्हणून आम्हाला जुनी पेन्शन. दुसऱ्या खुर्चीवर आमचे सहकारी. तेही लिपिक, तीच वेतनश्रेणी, मूळ वेतन १९,९०० पासून सुरू होणारी. पण ते १ नोव्हेंबर २००५ नंतर लागले. त्या तारखेनंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि पगारातून अंशदान कापून घेण्याची पद्धत आली. तिसऱ्या खुर्चीवर एक तरुण बसतो. टायपिंग त्याचे आमच्यापेक्षा जलद. ऑनलाईनची सगळी कामे तोच करतो, आणि साहेबांचा कॉम्प्युटर अडला तर हाक त्यालाच जाते. त्याचे नाव आमच्या मस्टरवर नाही. तो एजन्सीचा माणूस. करार संपत आला की दरवेळी त्याच्या पोटात गोळा येतो. त्याला ना वेतनश्रेणी, ना वार्षिक वाढ. तो बी.कॉम. आहे, म्हणजे शिक्षणाने आमच्या बरोबरीचा.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. आम्ही आणि दुसऱ्या खुर्चीवरचे सहकारी घोषणा देत बाहेर उभे होतो. तिसऱ्या खुर्चीवरचा मुलगा आत एकटा काम करत होता. गैरहजर राहिला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा आला असता. आमच्या मागण्यांच्या यादीत त्याचा प्रश्न होता की नाही, हे त्याने विचारले नाही, आणि आमच्यापैकी कुणी त्याला सांगितलेही नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने बाह्य यंत्रणेमार्फत, म्हणजे खाजगी एजन्सींमार्फत, पदे भरण्याचा निर्णय काढला. त्यात शिपायापासून इंजिनिअरपर्यंत पदे होती. तरुणांनी आवाज उठवला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेतल्याचे जाहीर झाले. समाजात पेढे वाटले गेले. पेढे गोड होते, पण तिसरी खुर्ची त्याआधीही होती आणि त्यानंतरही आहे.

आमच्यासारख्या आस्थापना शाखेत काम केलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळते. कायम पद भरायचे असेल तर बिंदुनामावली तपासावी लागते. कोणता बिंदू अनुसूचित जातीचा, कोणता जमातीचा, कोणता खुला, हे रजिस्टरवर असते आणि त्यावर सही होते. एजन्सीकडून माणूस घेतला की पद भरलेच जात नाही, काम तेवढे होते. पद नाही तर बिंदू नाही. बिंदू नाही तर आरक्षण नाही. संविधानातले एक अक्षरही न खोडता आरक्षण असे रिकामे होते. दरवर्षी १४ एप्रिलला आपण आरक्षण वाचवण्याच्या घोषणा देतो. ते वाचलेलेच आहे, रजिस्टरमध्ये जसेच्या तसे आहे. फक्त त्या रजिस्टरवर नव्या नोंदी होत नाहीत.

तेव्हा आप्पा जेव्हा म्हणतात की आजच्या पोरांत जिद्द नाही, तेव्हा आम्हाला त्यांना हात धरून तिसऱ्या खुर्चीपाशी न्यावेसे वाटते. आणि पोरींचे काय? नर्सिंग झालेल्या, समाजकार्याची पदवी घेतलेल्या आपल्या मुली अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर दवाखान्यांत आणि योजनांत राबताहेत. बाळंतपण आले की करार पुढे वाढेल की नाही याची धास्ती. त्यांच्या आया चार घरची धुणीभांडी करत, तेव्हा बाईसाहेब केव्हाही काढून टाकतील ही भीती होती. मुलीच्या अंगावर आता पांढरा कोट आहे. भीती तीच आहे.

परंतु या हिशेबातला सर्वात अवघड आकडा वेगळाच आहे. तो लिहिताना आमची लेखणी अडखळते.

कायम नोकरीची एक वाट आजही थोडीफार उघडी आहे, आणि ती वारशाने मिळते. ती म्हणजे सफाई कामगाराची. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला तर त्याच्या वारसाला नोकरी मिळते. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या गटारात हात घातले त्यांची चूल विझू नये, हा हेतू चांगलाच आहे. त्याने हजारो घरे तगली. तेव्हा कुणी गैरसमज करून घेऊ नये.

आमच्या परिचयाच्या एका घरात वडील महापालिकेतून निवृत्त झाले. मुलगा बी.कॉम., एका गोदामात कंत्राटी सुपरवायझर. वारसाच्या अर्जाला मुदत असते. अर्ज भरून द्यायला आम्हाला बोलावले होते. आम्ही पेन उघडून बसलो आणि समोर बाप-लेकांचे जुंपले.

वडील म्हणाले, "मी रस्ता झाडला म्हणून तू शिकलास."

मुलगा म्हणाला, "म्हणूनच नाही म्हणतो. मी पण झाडला तर माझा पोरगा काय म्हणेल?"

"तुझा पोरगा शिकेल! पगार असेल तर शिकेल. आत्ता तुला मिळतं त्यात तू त्याला कुठल्या शाळेत घालणार?"

मुलगा गप्प झाला. मग आई बोलली. ती माउली आयुष्यभर लोकांच्या घरी भांडी घासत आली. ती म्हणाली, "खोलीचं भाडं दर महिन्याला येतं. त्याला इज्जत-बेइज्जत कळत नाही." आणि थोड्या वेळाने, आमच्याकडे न बघता, "पण त्याच्या हातात झाडू बघवणार नाही मला. हे दोन्ही खरं आहे, भाऊ."

आम्ही पेनाचे टोपण लावले. त्या दिवशी अर्ज झाला नाही.

शिक्षण घेतलेल्या वारसाला वरचे पद मिळावे, अशा मागण्या होतात, कधी कागदही निघतात. प्रत्यक्षात पोराच्या हाती आधी काय येते ते वस्तीतल्या प्रत्येक घराला माहीत आहे. लग्नाच्या फॉर्मवर मग 'महापालिकेत नोकरी' एवढेच लिहिले जाते. मुलीकडचेही खोलात शिरत नाहीत. पर्मनंट आहे ना, मग झाले.

आपल्याला वतनाचा इतिहास आहे. महारवतन म्हणजे काय होते? बापाचे काम मुलाकडे, मुलाचे नातवाकडे. बदल्यात थोडी जमीन, बलुते आणि गावची बांधीव चाकरी. वतनात सुरक्षितता होतीच, म्हणून तर ते इतकी शतके टिकले. बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणले, आणि कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. मधली तीस वर्षे घराघरात हेच भांडण झाले असेल. म्हातारे म्हणत असतील, हक्काची भाकरी कशाला सोडता? तरणे म्हणत असतील, ती भाकरी गळ्याखाली उतरत नाही. तेव्हा वतन सोडणाऱ्याला शहरात गिरणी होती, रेल्वे होती, दारूगोळ्याचे कारखाने होते. आजच्या पोराने झाडूचे वतन सोडायचे तर जायचे कुठे? गोदामात, नाहीतर पाठीवर डबे घेऊन मोटारसायकलवर. बाप चुकला असे आम्हाला वाटत नाही आणि मुलगाही चुकला नाही. बी.कॉम. झालेल्या पोरासमोर कायमची म्हणून फक्त झाडूचीच जागा यावी, लिपिकाची येऊ नये, ही चूक त्या घरातली नाही.

हे झाले सरकारच्या पदरातले माप. थोडे आपल्या पदरातलेही बघू.

एका आजोबांचे दोन मुलगे, असे घर आठवून पाहा. अशी घरे प्रत्येक वस्तीत आहेत. थोरला गिरणीत लागला, धाकटा रेल्वेत. त्या वेळी गिरणीचाच रुबाब होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो संप रीतसर मिटलाच नाही. थोरला रस्त्यावर आला. धाकटा मात्र बढती घेत गेला. आज धाकट्याचा मुलगा नवी मुंबईत ब्लॉक घेऊन राहतो, त्याची नात इंग्रजी शाळेत जाते. थोरल्याचा मुलगा सिक्युरिटीत बारा तास उभा राहतो. आडनाव एक, जयंतीची वर्गणी एकाच पावती पुस्तकात. दोन भावांच्या मेहनतीत फरक नव्हता. फरक होता तो एकाच्या मालकाने गिरणी बंद केली आणि दुसऱ्याचा मालक भारत सरकार होता, एवढाच.

पण ब्लॉकमधला पुतण्या चुलतभावाबद्दल काय म्हणतो? "त्यांच्यात शिकायची आवडच नाही." आप्पा जे पोराला म्हणतात, तेच हा भावाला म्हणतो. आणि भाऊ म्हणतो, "ते आता साहेब झाले." शिकलेल्यांकडून आपली निराशा झाली, ही व्यथा बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याला बोलून दाखवली होती. ती आपण सभेत सांगतो तेव्हा श्रोत्यांतला प्रत्येक जण दुसऱ्या कुणाकडे तरी बघत असतो.

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल दिला. त्यात काही न्यायमूर्तींनी आपल्यातही क्रीमी लेअर असावा असे मत मांडले. समाजात संताप उसळला. तो रास्त आहे. साहेब झालेल्या माणसालाही भाड्याने घर मागताना आडनाव सांगावे लागते आणि मग घर 'आत्ताच गेलेले' असते. जातीचा प्रश्न पगाराने सुटत नाही. पण बाहेरच्याने आपल्यातली विषमता दाखवून आरक्षणाला कात्री लावू नये असे वाटत असेल, तर ती विषमता घरातल्या घरात तरी बोलून दाखवायला हवी. जयंतीला डी.जे.वर किती गेले आणि स्पर्धा परीक्षेला पुण्यात जाऊन राहिलेल्या वस्तीतल्या पोरांच्या मेसवर किती, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारला तर लोक म्हणतात, भाऊ, वातावरण बिघडवू नका.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. तो आभाळातून पडला नाही. त्यामागे संघटना होती आणि वर्षानुवर्षांची लढाई होती. अशा लढाईत कामाला येतात ते कागद : हजेरी, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर. आजच्या तरुणाला मोबाईलवर सगळे येते, पण आपला फंड भरला जातो की नुसताच कापला जातो, हे त्याने कधी उघडून पाहिलेले नसते. आणि कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हे कायद्यात असल्याचे त्याला कुणी सांगितलेले नसते. उलट आप्पांच्या पिढीला युनियन कळते, अर्ज कळतो, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचे नाही हे कळते. त्यांना मोबाईल उघडता येत नाही. दोघे एकाच घरात राहतात.

म्हणून आमच्या वस्तीत एक साधा बेत ठरला आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच सतरंजी अंथरायची. कंत्राटी कामावरच्या मुलामुलींनी आपला मोबाईल, पगाराच्या चिठ्ठ्या असतील तेवढ्या, आणि कराराचा कागद आणायचा. निवृत्त मंडळींनी चष्मा आणायचा. कुणाचा फंड किती महिन्यांपासून भरलेला नाही ते वहीत उतरवून घेऊ. वही आम्ही आणतो. ब्लॉकमध्ये राहायला गेलेल्या मंडळींनाही निरोप धाडला आहे. त्यांच्यात दोन वकील आणि एक लेबर खात्यातून निवृत्त झालेले साहेब आहेत. चहाची सोय महिला मंडळाने केली आहे, पण चहा पुरुषांनीच करावा अशी त्यांची अट आहे. ती मान्य झाली आहे.